राखण नसलेली जागा

या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वाचनालयातून खोलीवर परत येत होते. बुलढाण्याच्या बसस्टँडमागच्या रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट चालू होता, भज्यांची कढई नुकतीच चढली होती, आणि त्या सगळ्याच्या वरून, फार उंचावरून, एक आवाज गेला. नाकातून बोलल्यासारखा, तुटक. एकाने हाक मारावी आणि मागच्याने 'हो' म्हणावं असा. रस्त्यावर कोणी वर पाहिलं नाही. मी पाहिलं. अंधारत चाललेल्या आभाळात एक वाकडी रेघ खाली खाली सरकत होती, आमच्या गावाच्या दिशेने. मी पुस्तकं छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पाखरं आली. म्हणजे राखणीचा हंगाम आला.

आणि लगेच आठवलं की यंदा आपल्याला राखण नाही. ही आठवण आनंदाची असायला हवी होती. ती तशी का नाही, ते मला नीट सांगता येईल का माहीत नाही. पण सांगून बघते.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या पुढे, आत. गावाच्या खाली एक लहानसं धरण आहे. पावसाळ्यात ते भरतं, आणि दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागे सरकू लागतं. जसं पाणी सरकतं तशी खालची काळी, मऊ, साय धरल्यासारखी जमीन उघडी पडते. त्या जमिनीचे पट्टे गावातल्या लोकांना एकेका हंगामासाठी मिळतात; आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच पट्टा येत होता. त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. नांगरावं लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही. ओल असते तोवर हरभरा टाकायचा आणि देवावर सोडायचं. देवावर आणि माझ्या मायवर. कारण हरभरा उगवून वीतभर झाला की उत्तरेकडून बदकं येतात, आणि त्यांना आमचा हरभरा फार आवडतो.

सगळे त्यांना बदकंच म्हणतात. त्यात खरी बदकं असतात, तशी डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेली मोठी राखाडी पाखरंही असतात. त्यांचं पुस्तकातलं नाव पट्टकादंब. हे नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी ते मायला सांगितलं. माय म्हणाली, "नाव चांगलं हाय. पन तेवढं नाव घेईपर्यंत वाफा साफ करतीन ते." तिची नावं वेगळी होती. कायम जोडीनं फिरणाऱ्या भगव्या बदकांना ती 'नवराबायको' म्हणायची. त्यातलं एक पुढे गेलं आणि दुसरं मागून ओरडत आलं की हसायची. "पाह्य, इचारलं नसन तिनं याले."

राखण म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी. पाखरं त्याच वेळी चरायला उतरतात. माय अंधारातच निघायची. हातात तेलाचा रिकामा डबा, एक काठी, कमरेला गोफण, पदरात भाकर. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे आंबट दव पडतं, त्याला आंब म्हणतात. त्या आंबेनं तिच्या पायांची सालं निघायची. थंडीत ती ओल्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची, डबा वाजवत. मध्ये तिच्याच जुन्या लुगड्यातलं बुजगावणं उभं असायचं. लांबून पाहिलं तर कोणती माय आणि कोणतं बुजगावणं ते कळायचं नाही. मी हे एकदा हसत तिला म्हणाले, तर ती म्हणाली, "पाखराले कयते. ते उभं राहाते, मी पयते." आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो.

आजोबांच्या काळी थंडीत शहरातून जीप यायची म्हणे, बंदूकवाले लोक यायचे, आणि गावातले लोक पाण्यात उतरून पडलेली बदकं गोळा करून द्यायचे. आता बंदी आहे. तरी कोणीतरी चोरून फासे लावायचं. एकदा आमच्या पट्ट्याच्या कडेला मायला फासा सापडला. तिनं तो उपटून पाण्यात फेकला, आणि ज्याचा होता असा तिला संशय होता त्याच्या घरासमोरून जाताना मोठ्यानं म्हणाली, "हाकलनं माह्यं काम हाय. मारनं नाही. माह्या शेतात माह्यंच काम होईन."

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तो हिवाळा मला विशेष आठवतो. संक्रांतीच्या सुट्टीत घरी आले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे मी घरी आले की मला काम सांगायचं की नाही, असा सगळ्यांना प्रश्न पडायचा. मी हट्टानं मायसोबत राखणीला गेले. सूर्य वर आल्यावर पाखरं पाण्याच्या मधोमध जाऊन बसली, आणि आम्ही दोघी काट्या पेटवून हुळा भाजायला बसलो. हिरवे घाटे फुटताना चट् चट् आवाज येत होता. धुरामुळे डोळे झोंबत होते. माय पाण्याकडे बघत होती. मग ती अगदी सहज, घाटा सोलता सोलता म्हणाली, "एकदा अशा जागी जा लागते वं, जिथं हे असतीन अन् मले हाकलाचं काम नसन."

मी विचारलं, "मग काय करशील तिथं?"

"काही नाही. पाहीन."

माझ्या मायनं मला कधी काही मागितलेलं आठवत नाही. हेही तिनं मागितलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. पण मला ते मागण्यासारखं ऐकू आलं. आणि पहिल्यांदाच असं वाटलं की आपण शिकतो आहोत, तर हे एवढं आपल्याला जमायला पाहिजे.

बेत तिथेच सुरू झाला. त्या हिवाळ्यातली माझी सगळ्यात चांगली आठवण म्हणजे तो बेतच. शेतात बांबूंचा एक छोटा माळा होता, त्यावर बसून मी मोबाईलवर शोधायची आणि माय खालून डबा वाजवता वाजवता ऐकायची. शोधलं की कोकणातली चित्रं यायची. समुद्राचं पाणी आत शिरतं अशी सपाट दलदल, आणि तिच्यावर बदकंच बदकं. त्या जमिनीला तिकडे खाजण म्हणतात. तो शब्द मी मोठ्यानं वाचला. माय म्हणाली, "खाजवन?" आणि स्वतःच हसली. "आंब आपल्या इथं, अन् खाजवन तिकडं!"

गावातले लोक फिरायला जातात ते यात्रेच्या बसमधून. पुढे एक माणूस शिट्टी घेऊन बसलेला असतो, तो सांगेल तिथं उतरायचं, तो सांगेल तेव्हा चढायचं. मायला ते नको होतं. "शिट्टी वाजली की पाखरं उडतीन," ती म्हणाली. म्हणून आपले आपणच जायचं ठरलं. शेगावहून गाडीनं कल्याण, तिथून एसटीनं पुढे खाडीकाठच्या एका गावात. दोघींनीच.

दलदलीत जाऊन बदकं जवळून कशी पाहायची, हे कुठे लिहिलेलं मिळेना. मिळालं ते परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी इंग्रजीत लिहिलेलं. वाटाड्या न घेता एकट्यानं शिकारीला कसं जावं, जागा कशी हेरावी, वारा कुठून येतो ते आधी बघावं, उजाडायच्या आत जाऊन लपून बसावं, कपडे चिखलाच्या रंगाचे घालावेत. मी अडखळत वाचायची आणि मायला वऱ्हाडीत सांगायची. बंदुकीचा भाग आम्ही सोडून द्यायचो. बाकी सगळं आमच्या कामाचं होतं.

कपड्यांचं ऐकून माय म्हणाली, "मंग नवीन काही घ्या लागत नाही. माह्या सगळ्याच साड्या चिखलाच्या रंगाच्या झाल्या हायेत."

लपण्याचं मात्र तिला लवकर पटेना. "लपून? म्हनजे त्यायले दिसलं नाही पाह्यजे?"

"हो. दिसलं की उडून जातात."

माय काठी टेकवून उभी राहिली. "इतके साल मी त्यायले दिसावं म्हनून उभी राहून राह्यली. आता लपू कशी वं?" मग दोन-तीन दिवस ती माळ्याच्या मागे, बेशरमीच्या झुडपामागे अशी बसून बघत होती. पाखरं उतरायची, ती हसून उठायची, आणि मग डबा वाजवायची. सराव चालला होता तिचा.

भरती-ओहोटी समजावताना तर फारच गंमत झाली. मी सांगितलं की समुद्राचं पाणी रोज दोनदा वर येतं आणि दोनदा मागे जातं. मायला आमचं धरण माहीत होतं, जे आख्खा हिवाळा घेऊन मागे सरकतं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "रोज दोनदा गाळपेर? अन् पेरतात कवा ते लोक?"

बाबा एकदा हे ऐकत बसले होते. माझे बाबा कमी बोलतात. त्यांना वरच्या शेतातला कापूस आणि बैल एवढंच जग पुरतं. ते म्हणाले, "तुही माय जन्मभर त्या पाखरायच्या मांगं पयली. आता समुद्रापर्यंत पयते." पण त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "शेगावपर्यंत सोडून देईन. त्याच्या पुढचं मले काही मालूम नाही. पोरीले मालूम असन."

पोरीला मालूम असेल. बाबांचं काही चुकलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांचाच तसा विश्वास होता आणि मलाही तो हवाहवासा वाटत होता.

शेजारच्या शेवंताकाकूंना बेत कळला तेव्हा त्या ओट्यावर येऊन बसल्या. "काऊन वं, दोघी बायाच जाता? अन् कशाले, तर बदकं पाह्याले? तुह्या धरनावरचे बदकं काय मेले?"

माय म्हणाली, "इथं पाह्याले टाइम कुठं हाय?"

काकू म्हणाल्या, "अन् तिथं काय ते तुह्यासाठी फोटो काढाले उभे राहातीन?" आणि मग जाताजाता, जरा हळू आवाजात, "समुद्र कसा असते ते मले सांगजो."

आता चूक कुठे झाली ते सांगते. चूक कोणा एकाची नव्हती. आमच्याकडे गावाला जायचं, लग्नं करायची, देवाला जायचं ते सुगी झाल्यावर. हरभरा निघाला, गहू निघाला, रान मोकळं झालं की माणूस मोकळा. मग मृगापर्यंत कुठेही जा. त्याच्या आधी कोणी कुठे जायचं नावच काढत नाही. म्हणून आम्हीही जायचं ठरवलं ते वैशाखात. हे कोणी ठरवलंसुद्धा नाही, ते ठरलेलंच होतं. आणि पाखरं होळीच्या सुमाराला आमचं धरण सोडून जातात हे गावातल्या लहान पोराला माहीत आहे. कुठे जातात? तर समुद्रावर. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मायही तेच ऐकत आली होती. इथलं पाणी आटतं, म्हणून ती मोठ्या पाण्यावर जातात. किती बरोबर वाटतं ऐकायला! मी मायला म्हणाले, "होळीला ती तिकडे जातील आणि मागून आपण जाऊ." मी म्हणाले म्हणून ते आणखीच पक्कं झालं. खाजणातली ती चित्रं कोणत्या महिन्यातली आहेत, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

फाल्गुनात हरभरा सोंगून झाला, मी होळीला घरी आले होते. पट्टा उघडा पडला, बुजगावणं काढून ठेवलं. एका सकाळी पाखरं उठली आणि खाली उतरलीच नाहीत. उंच जाऊन त्यांनी रेघ धरली. माय बैलांच्या कुटारासाठी घाट्यांची फोलपटं गोळा करत होती. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि ओरडून म्हणाली, "व्हा पुढं! येतोच आम्ही मांगून!"

ती रेघ उत्तरेकडे चालली होती. समुद्र आमच्या पश्चिमेला आहे. आम्ही दोघी तिथं उभ्या होतो, सूर्य आमच्या उजव्या हाताला होता, आणि आम्हाला काहीच वाटलं नाही.

वैशाखात आम्ही गेलो. बाबांनी शेगावला गाडीत बसवून दिलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभे राहिले. मायनं शिदोरीत हुळ्याचे वाळवलेले दाणे घेतले होते. का, ते तिनं सांगितलं नाही, पण मला वाटतं ते पाखरांसाठी असावेत. कल्याणला उतरलो तेव्हा अंगाला चिकटणारी हवा होती. एसटीत माय खिडकीशी बसली आणि हिरवे डोंगर बघत म्हणाली, "इतकं हिरवं, अन् उन्हायात!" खाडीकाठच्या गावात एका घरगुती खाणावळीच्या वरच्या खोलीत उतरलो. संध्याकाळी समुद्र पाहिला. मायनं पाण्यात पाय घातले आणि लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकली तशी माझा दंड धरला. हसत होती. मी फार सुखात होते त्या संध्याकाळी. उद्याची सकाळ अजून आली नव्हती.

सकाळी उजाडायच्या आत, चिखलाच्या रंगाच्या साड्या नेसून आम्ही खाजणाच्या बांधाआड जाऊन बसलो. मी पाहून ठेवल्याप्रमाणे ओहोटी होती. वाराही समोरून होता. सगळं बरोबर होतं. उजाडलं. समोर लांबपर्यंत ओला राखाडी चिखल, कडेला तिवरांची झाडं, आणि चिखलाच्या छिद्रांतून बुडबुड आवाज. एक बगळा उभा होता. इवलेसे मासे चिखलावर सरपटत होते. "हे मासे चालून राह्यले वं!" माय कुजबुजली. मग आम्ही वाट बघितली. ऊन वर आलं. पाणी हळूहळू भरायला लागलं. माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशिरा उठत असतीन इथले."

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली, डोक्यावर पाटी, पाटीत शिंपल्या. आम्हाला असं दडून बसलेलं बघून थबकली. "काय गं बाय, काय हरवला का?"

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "बदकं बघायला आलोय."

ती हसली, पण वाईट हसली नाही. "आता कुठली बदकं? ती गेली शिमग्याच्या आधीच. थंडीत यायला पायजे होता."

"कुठे जातात?" मी विचारलं.

"काय ठाव. वर कुठंतरी. तिकडनंच येतात ना." आणि तिनं हात केला, उत्तरेकडे.

मायनं त्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आमच्या दोघींच्या एकदमच लक्षात आलं, की ज्या दिवसांत ती आमच्याकडे असतात, त्याच दिवसांत इथेही असतात. आणि त्या दिवसांत माय हरभऱ्यात असते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माय मात्र त्या बाईशी बोलायला लागली. विचारलं, "इथं हिवायात काय पेरता?"

"काय नाय. पावसाचा भात काढला का जमीन मोकळी."

"मोकळी? अन् राखन कोन करते?"

"कसली राखण?" बाईला प्रश्नच कळला नाही.

माय बराच वेळ त्या जमिनीकडे बघत राहिली. परतीच्या एसटीत, मला वाटलं झोपली आहे, तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "जमीनच मोकळी ठेवतात वं ते. पाखराले बसाले." खाजणाच्या जमिनीत खार असतो, दुसरं पीक येत नाही, असं खाणावळीच्या मालकांनी मला सांगितलं होतं. मी ते मायला सांगितलं नाही.

गावी आल्यावर शेवंताकाकूंनी विचारलं, "दिसले का तुह्ये बदकं?" माय म्हणाली, "समुद्र दिसला. ऐक आता, सांगते तुले." आणि ती समुद्राचंच सांगत बसली, चालणाऱ्या माशांचं, पायाखालून सरकणाऱ्या वाळूचं, रोज दोनदा होणाऱ्या गाळपेराचं. काकू तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. बदकांचं पुन्हा कोणी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात जाऊ, असं मी म्हणत राहिले. पुढचा हिवाळा आला, आणि त्याच्यासोबत हरभराही आला. बाबा कापसात, माझी परीक्षा, आणि राखणीला माय. पाखरं आली, तिनं हाकलली. होळीला ती गेली. त्यांचं वेळापत्रक आणि आमचं वेळापत्रक एकच आहे, एकाच ओलीवर दोघं जगतो, त्यामुळे भेट होते ती फक्त भांडणात. हे मला इतिहासाच्या तासाला बसले असताना एकदम सुचलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

आणि यंदा गाळपेराचे पट्टे पुन्हा वाटले गेले, तेव्हा आमचा पट्टा सविताला मिळाला. सविता म्हणजे गावात दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली मुलगी, माझ्याच वयाची. बाबा म्हणाले, "होते असं. कोनाले तरी भेटाचाच." मी मात्र फोनवर मायला म्हणाले, "मग चल ना आता! आता तर राखण नाही. थंडीतच जाऊ." ती म्हणाली, "आता हरभरा नाही, त मले लोकायच्या कापसात जा लागते, बेटा. वेचनीचे दिवस हायेत."

संक्रांतीला मी घरी गेले. बोथ्याच्या घाटातून बस खाली उतरताना झाडांवर अजून धुकं होतं. सणाच्या दिवशी कापूस वेचणी बंद होती. तिळगूळ वाटून झाल्यावर मी मायला म्हणाले, "धरणावर येतेस का? नुसती." ती आली. हात मोकळे घेऊन ती धरणाकडे चालली आहे, असं मी पहिल्यांदाच बघत होते. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. कधी पदर धरायची, कधी मागे बांधायची.

आम्ही पाण्याच्या कडेला बेशरमीच्या झुडपाआड बसलो. ऊन कलत होतं. समोर आमचा पट्टा, म्हणजे सविताचा. पलीकडच्या टोकाला बाभळीखाली तिनं साडीची झोळी बांधली होती, आणि आमच्याकडे पाठ करून ती बाळाला पाजत होती. हरभरा निळसर हिरवा, घाट्यावर आलेला. मी माझ्या मायच्या तोंडाकडे पाहिलं. शेत बघताना तिचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं.

मग पाखरं आली. आधी आवाज, मग डोक्यावरून पंखांचा वारा. एक वळसा घालून पाखरं अगदी आमच्या समोर, झुडपाच्या पुढेच, हरभऱ्यात उतरली. इतक्या जवळ की पानं तुटल्याचा आवाज येत होता. माय श्वास धरून बसली होती. जन्मभर तिनं त्यांची पोटं पाहिली होती, डोक्यावरून उडून जाताना. पाखरं जमिनीवर उभी असताना माय कायम धावत असायची. आता ती बसली होती आणि पाखरं उभी होती, आणि मधे काहीही नव्हतं. ना डबा, ना काठी. एका पाखरानं मान वर केली, इकडे बघितल्यासारखं केलं, आणि पुन्हा खाली घातली. आपसांत ती हळू आवाजात काहीतरी बोलत होती, शेजारणी बोलतात तशी.

मायनं माझं मनगट पकडलं. ओठ न हलवता म्हणाली, "पाय पाह्य त्यायचे."

मी तिच्याकडेच बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं की काही नव्हतं. पण तिचं तोंड असं उघडं राहिलं होतं, लहान मुलीचं राहतं तसं. मला वाटलं, हे थांबू दे. एवढं थोडं थांबू दे.

मायची नजर हळूहळू वर गेली. पाखरांवरून, हिरव्या पट्ट्यावरून, पलीकडच्या बाभळीपर्यंत. सविताची पाठ अजून आमच्याकडेच होती. पाखरं ओळीनं चरत पुढे चालली होती, आणि त्यांच्या मागे हरभऱ्याचे नुसते दांडे राहत होते. मायची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली, आणि मला कळलं. मी मान हलवली. नको म्हणून हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

ती उठून उभी राहिली आणि पूर्ण आवाजात ओरडली, "सविता! वं सविता! तुह्या हरभऱ्यात उतरले पाह्य!"

सगळी पाखरं एकदम उठली. सविता बाळाला छातीशी धरूनच धावत आली, डबा वाजवत, धापा टाकत. "बरं झालं काकू तुम्ही व्हत्या! माह्यं ध्यानच नव्हतं." माय तिला म्हणाली, "या कोपऱ्यात लय उतरतात. इकडं तोंड करून बसत जा." आणि तिच्या हातातून बाळ घेऊन ती थोडा वेळ पट्ट्याच्या कडेनं चालत राहिली.

आम्ही घराकडे निघालो. पाण्यावर उजेड उरला होता तेवढा उरला होता. मी म्हणाले, "थोडी थांबली असतीस तर."

"तिचा हरभरा हाय वं, माय," ती म्हणाली. आमच्याकडे मुलीलाही माय म्हणतात.

गाव जवळ आलं. कोणाच्या तरी अंगणात तिळगुळाची चूल अजून धुमसत होती. माय जरा मागे पडली होती, तिनं दोन पावलं भरभर टाकून मला गाठलं.

"पिवये व्हते ना त्यायचे पाय?" तिनं विचारलं. "का मलेच तसं दिसलं?"

मी पाहिले नव्हते.

"हाव," मी म्हणाले. "पिवळेच होते."